पत्रा खोडू नका

(नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या एका दोस्ताच्या तांब्यावरच्या चित्रांचं आणि शिल्पांचं प्रदर्शन भरलं. तिथं केलेलं हे भाषण. बोललो तसं उतरवून काढलंय. शिव्या गाळल्यात. सगळ्या नाही.)



मी भाषण करणारा माणूस नाही. मुंबईच्या गोदीत ठेक्यावर माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. त्या आपल्या अंकात छापून येतात, आणि अंक खपला नाही की आमचा भजीवाला त्यात भजी बांधतो. तेव्हा एवढ्या पांढऱ्या भिंतींच्या, एवढ्या दिव्यांच्या ह्या हॉलात मला उभं केलंय ते माझ्या शहाणपणासाठी नाही. ज्याची ही चित्रं, त्या दोस्ताला मी गेल्या वर्षी आपल्याच बैठकीत सगळ्यांसमोर गद्दार म्हणालो होतो. तोच म्हणाला, उद्घाटनाला तू बोल. मी विचारलं, तुझं नाव घेऊ का? म्हणाला, भिंतीखाली कधी नाव लिहिलं होतं का मी? म्हणून मी त्याला पेंटरच म्हणणार. वस्तीत त्याला दुसरं नावच नाही.

आज दोन कामं करायचीत. गद्दार म्हणालो ते परत घ्यायचंय. आणि त्याच्याकडं एक गोष्ट मागायचीय. तुमच्यासमोर, म्हणजे त्याला नाही म्हणायचं असेल तर तेही तुमच्यासमोर म्हणता येईल.

मी नाशिकच्याच वस्तीत वाढलो. सहावीत असताना पेंटरच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून उभा राहायचो. चौदा एप्रिलच्या आधी पंधरा दिवस त्याला झोप नसायची. कमानी, पाट्या, बुद्धविहाराची भिंत. एरवी दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, रिक्षावरचे मोर. इलेक्शन आलं की सगळ्या पक्षांची चिन्हं तोच काढायचा आणि सगळेच पक्ष पैसे बुडवायचे, त्या बाबतीत त्यांच्यात मतभेद नव्हते. मग फ्लेक्स आला. रात्रीत वीस फुटी थोबाड छापून मिळायला लागलं. आमच्या ओळखीतले पेंटर कोणी वॉचमन झाले, कोणी रिक्षा धरली. हा हटला नाही. दिवसा मिळेल ते काम करायचा आणि रात्री पुलाखालच्या, नाल्याकाठच्या भिंती रंगवायचा. कोळशानं, गेरूनं, उरलेल्या ऑइलपेंटनं. पैसे कोण देणार? पण सकाळी पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. ती त्याची गॅलरी.

त्याचा चुलता गटारात गेला. ठेकेदारानं उतरवलं होतं. दोर नाही, मास्क नाही. २०१३ साली कायदा झालाय की गटार साफ करायला माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. कायदा वर राहिला, चुलता खाली. पेंटरनं भर रस्त्याच्या भिंतीवर पुरुषभर उंच चित्र काढलं. मॅनहोलमधून छातीपर्यंत वर आलेला माणूस, एक हात वर, डोळे उघडे. तीन दिवस राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी चुना. ह्यानं परत काढलं. परत चुना. तिसऱ्यांदा काढलं तर त्यावर गुटख्याची जाहिरात चढली. त्या रात्री तो माझ्याकडं मुंबईला आला. शिवडीच्या माझ्या खोलीत दारू न पिता बसून राहिला आणि म्हणाला, भिंत आपली नाही रे. आपण तिच्यावर फक्त पाहुणे.

तिथून हे एचिंग सुरू झालं. कोशात त्याला अम्लरेखन म्हणतात. एका म्हाताऱ्या छापणाऱ्याच्या खोलीत हा संध्याकाळी जायचा. फरशी पुसायची, शाईचे डाग काढायचे, त्या बदल्यात बघू द्यायचं असा सौदा. मीही पाळी नसली की जाऊन बसायचो. काय करतात ते सांगतो, कारण इथं चित्रांखाली कागदावर नुसतं "कॉपर एचिंग" लिहिलंय आणि आपल्या पोरांना वाटतं की काहीतरी मशीनचं काम असेल.

तांब्याचा पत्रा घ्यायचा. पेंटर तो इथल्याच भांडी बाजारातून आणतो, किलोवर तोलून. कडा कानशीनं घासायच्या, नाहीतर छापताना कागद फाटतो. खडूच्या पुडीनं पत्रा घासून त्याचा तेलकटपणा काढायचा. मग मेण, राळ आणि डांबर मिळून केलेला लेप गरम पत्र्यावर पातळ द्यायचा. मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करायचा. त्या काळ्यावर सुईनं चित्र काढायचं. सुई लेप खरवडते, खालचं तांबं उघडं पडतं, लाल रेघ दिसते. मग पत्रा अॅसिडात. काही जण नायट्रिक वापरतात, पेंटर फेरिक क्लोराइड वापरतो, रेडिओचे सर्किट बोर्ड करायला वापरतात ते. उघड्या रेघेत ते शिरतं आणि तांबं खातं. पाच मिनिटं ठेवलं तर रेघ केसासारखी. तासभर ठेवलं तर जखमेसारखी. मग रॉकेलनं लेप धुवायचा, शाई रेघांत भरायची, वरची शाई पुसून काढायची. आधी जाळीच्या कापडानं, मग तळहातानं. कागद ओला करून पत्र्यावर ठेवायचा, वर जाड लोकरी कापड, आणि दोन लोखंडी रूळांमधून दाबून काढायचा. रेघेच्या तळाशी बसलेली शाई कागद ओढून घेतो. कागदावर बोट फिरवा, रेघ उठलेली लागते.

पहिल्याच पत्र्यावर ह्यानं हौसेनं "जयभीम" लिहिलं. छाप काढला तर अक्षरं आरशातली. म्हातारा पोट धरून हसला. तेव्हापासून पेंटर उलटं लिहायला शिकला. म्हणाला, सरळ छापून यायचं तर आपल्याला उलटं लिहावं लागतं.

मी हे सगळं बघायचो तेव्हा माझा डावा हात शर्टात ठेवायचो. गोदीत एकदा पिंप गळकं निघालं. कोपरापासून मनगटापर्यंत चामडी गेली. मुकादम म्हणाला, पाणी मार आणि चल. तांब्याला रेघ पडायला वेळ लागतो, दोस्तहो. माणसाला लागत नाही. पेंटरनं तो हात बघून काढलेला पत्रा डाव्या भिंतीवर तिसरा आहे. खाली "हात" एवढंच लिहिलंय. बघून घ्या, परवानगी आहे.

मग मी त्याला गद्दार का म्हणालो? कारण त्याला ह्या हॉलचं बोलावणं आलं. मी बैठकीत उठलो आणि म्हणालो, हा भिंत सोडून चालला. आमची मढी फ्रेममध्ये घालून पांढरपेशांच्या दिवाणखान्यात टांगणार. तांबं ही त्यांची धातू आहे, आपली नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला आठवतंय कोण कोण.

तांबं त्यांचं, हे मी रागात बोललो होतो. नंतर वाचायला बसलो तर ते खरंच निघालं. ह्याच नाशिक जिल्ह्यात वणी-दिंडोरीचा ताम्रपट सापडलाय. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद, नवव्या शतकाची सुरुवात. त्यात एक अख्खं गाव ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. असे ताम्रपट महाराष्ट्रभर सापडलेत. कागद कुजतो, ताडपत्र किडतं, म्हणून जमिनीची मालकी तांब्यावर. आणि अशा दानपत्रांच्या शेवटी ठरलेला शाप असतो, की ही जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन पडेल. मी ते वाचलं आणि मला पेंटरचा चुलता आठवला. त्यानं कोणाची जमीन घेतली होती रे?

पुढं ऐका. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात, नाना फडणवीसाच्या काळात, एक तांबट साहेबाच्या हाताखाली तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं उलटी कोरायला शिकला. नानानंतर तो मिरजेला पटवर्धनांकडं गेला आणि १८०५ साली तिथं पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. आपल्या मुलखातल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक. हात तांबटाचा, घाम तांबटाचा, आणि मजकूर चातुर्वर्ण्य सांगणारा.

आणि आजचं बघायचं तर खिशातली नोट काढा. पाचशेची नसेल तर शंभराची काढा. गांधींच्या चेहऱ्यावर बोट फिरवा. उठाव लागतो ना? पत्र्यात खोल रेघ, रेघेत शाई, वरून दाब. नोटेवरच्या उठावाचं तत्त्व हेच. आणि देशाच्या नोटा जिथं जिथं छापतात त्यातली एक जागा आपल्या नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस. शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटं छापतात. १९६६ साली बाबासाहेबांचं पहिलं पोस्टाचं तिकीट निघालं तेही नाशिकचंच. म्हणजे राजाची जमीन, धर्माचं पुस्तक आणि सरकारचा पैसा, तिन्ही गोष्टी खोल रेघेवर चालत आल्या. टिकायला पाहिजे ते त्यांनी धातूवर लिहिलं. आपल्याला भिंत दिली आणि हातात चुन्याची बादली त्यांनी ठेवली.

मग आपला पोरगा धातूपर्यंत पोचला तर तो गद्दार कसा? मी चुकलो. इथं, सगळ्यांसमोर म्हणतो, मी चुकलो.

तो एकटाही नाही आणि पहिलाही नाही. नागपूरचे सवी सावरकर. आडनाव ऐकून दचकू नका, नाशिककरांना भगूरचं सावरकर घराणं ठाऊक असतं. हे दुसरे. जन्म १९६१ चा, बौद्ध घरातले, बडोद्याला छापचित्र शिकले, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात थुंकायला मडकं आणि पावलं पुसायला कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं. आपण ते भाषणात हजारदा ऐकलं. सावरकरांनी तो माणूस चित्रात उभा केला. गळ्यात मडकं आहे, झाडू आहे, आणि तो तुमच्याकडं बघतोय. देवदासी काढल्या. त्यांच्या रेघेला नटवेपणा नाही. ह्याच रस्त्यानं पुढं गेलात की आनंदवल्ली लागते, राघोबादादानं आनंदीबाईच्या नावानं ओळखीला आणलेली. रस्त्याला पेशवाईची आठवण आहे. मडक्याची आठवण कुठं आहे? ती सावरकरांच्या रेघेत आहे.

जर्मनीत केथे कोल्विट्झ नावाची बाई होती. तिनं विणकरांच्या उठावावर सहा छापचित्रं केली, त्यातली तीन एचिंग. १८९८ साली तिला पदक द्यायचं ठरलं तर खुद्द बादशहानं ते अडवलं. आपल्या गिरणगावातल्या लोकांनी ती चित्रं बघावीत, ओळखीची माणसं भेटतील. आपल्याकडं चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात फिरून भुकेली माणसं काढली, त्याचं पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून नष्ट केलं. नंतर हा माणूस मुंबईला अंधेरीत राहिला, लिनोलियम कापून चित्रं छापत राहिला, गरिबीतच राहिला.

आता ह्या हॉलमधल्या शिल्पांकडं या. दारातून आत आल्यावर ते जे लोखंडी झाड दिसतं, ते गोदीतल्या हमालांच्या हुकांचं आहे. गोणीत रुतवून ओढायचा तो हूक. त्यातले अकरा मी दिलेत, बाकीचे रिटायर झालेल्या म्हाताऱ्यांनी दिले. मधल्या चौथऱ्यावर गटाराचं झाकण आहे, आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेची चप्पल, एकच. दुसरी कुठं आहे म्हणून कोणी विचारलं तर त्याला सांगा, खाली आहे.

शिल्पाबद्दल आपल्याला कोणी शिकवू नये. वस्तीतला सिमेंटचा पुतळा, निळा कोट, हातात पुस्तक, वर दिलेलं बोट. ह्या हॉलात येणारे कलावंत लोक त्याला हसतात, प्रमाण चुकलंय म्हणतात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात अशाच एका पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. पुतळा म्हणजे काय, ते रमाबाई नगराला विचारा. पेंटर ते जाणतो. म्हणून त्याची शिल्पं हात लावायला आहेत. पाटी बघा: "हात लावावा." असा हॉल मी पहिल्यांदा बघितला.

इथवर कौतुक झालं. आता मागणं.

परवा उद्घाटनाच्या तयारीला आपल्या वस्तीतली तीन पोरं आली. दारावरच्या वॉचमननं विचारलं, काय काम आहे? वॉचमनही आपलाच, त्याचा दोष नाही. पोरं म्हणाली, आमच्या गल्लीतल्या माणसाचं चित्र बघायचंय. आत आली. मॅनहोलमधल्या चुलत्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग धाकट्यानं खालची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, एक भागिले पंचवीस म्हणजे काय?

म्हणजे ह्या पत्र्याचे पंचवीसच छाप निघणार. हा पहिला. आणि पंचवीस झाले की पत्र्यावर आडवीतिडवी रेघ मारायची, फुली, म्हणजे पुन्हा कोणी छापू नये. बाजाराची तशी रीत आहे. विकत घेणाऱ्याला खात्री पाहिजे की आपल्याकडं आहे ते इतरांकडं फार नाही. चुलत्याच्या पत्र्यालाही तशी अट घातलीय. म्हणजे ह्या प्रदर्शनानंतर कधीतरी पेंटर सुई घेणार आणि चुलत्याच्या तोंडावरून फुली मारणार. भिंतीवर चुना मारला तो दुसऱ्यानं. ही फुली स्वतःच्या हातानं.

पेंटर, तुझी अडचण मला माहितीय. दोन पोरं शिकतात. तांबं महाग, कागद महाग. नंबर घातला तर भाव येतो, भाव आला तर पुढचा पत्रा येतो. तुला फुकट मर असं मी सांगत नाही. आपल्या चळवळीनं माणसं फुकट मारायची सवय लावून घेतलीय, ती तुझ्यावर चालवायची नाही. पंचवीस छाप भारी कागदावर काढ, नंबर घाल, सही कर, वाटेल तेवढा भाव लाव. ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांनी द्यावा.

पण पत्रा खोडू नको.

स्पेनमध्ये गोया होता. लढाईत काय झालं ते त्यानं तांब्यावर काढलं. झाडाला टांगलेली माणसं, उपाशी बायका, प्रेतांचे ढीग. जिवंत असताना त्याला ते जाहीर छापता आलं नाही. १८२८ साली मेला. पत्रे राहिले. पस्तीस वर्षांनी, १८६३ साली, त्यातल्या ऐंशी पत्र्यांवरून छाप निघाले आणि तेव्हा लोकांनी बघितलं. त्यानं ते पत्रे जाता जाता खोडले असते तर? पत्रा तुझ्यापेक्षा जास्त जगतो. तांबं मऊ आहे, मला माहितीय, छापता छापता रेघ बसत जाते. बसू दे. पंचविसाच्या पुढचे छाप साध्या कागदावर काढू. नंबर नको, सही नको. फिकट आले तरी चालतील. आपल्या लोकांनी सायक्लोस्टाइलवर अंक काढले, मेणकागदावर लोखंडी कलमानं घासून, शेवटच्या शंभर प्रती वाचता येत नव्हत्या तरी लोकांनी वाचल्या. शाईचा खर्च अंकाच्या फंडातून. रूळ फिरवायला मी आहे, गोदीतले चार जण आहेत. चुलता आधी त्याच्या गल्लीत प्रत्येक घरात लागू दे. मग ज्या ज्या गल्लीतला माणूस असा खाली गेला त्या त्या गल्लीत.

आणि भिंत पूर्ण सोडू नको. वर्षातून एक. त्यांनी चुना मारला तर मारू दे. आपल्याकडं पत्रा आहे, हे त्यांना कळू दे.

तुमच्यासाठी एकच. जे टाळ्या वाजवत होते त्यांनी जाताना एकेक चित्र नीट बघून जा. उभं राहून, पाच मिनिटं. आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी नाव पेंटरकडं द्या. तो फरशी पुसायला लावणार नाही. त्याला विचारून बोलतोय.

पेंटर, मी तुला आज उत्तर मागत नाही. विचार कर.

जयभीम.

(अंक छापायला देताना: प्रदर्शन संपलं. चुलत्याचे एकवीस छाप गेले. चार शिल्लक आहेत. पत्रा अजून कोरा नाही, खोडलेलाही नाही. माझ्या खोलीत आहे. पेंटर म्हणाला, तुझ्याकडंच ठेव, माझ्या घरी ठेवला तर मी कधीतरी भाड्याच्या तारखेला खोडून टाकीन.)